काबूलवर गेलेलं एकुलतं एक विमान

मे १९१९. रिसालपूरच्या हवाई तळावर एक अजस्र दुपंखी विमान उभं होतं. ब्रिटिशांनी तोवर हवेत उडवलेलं ते सर्वांत मोठं बाँबर, आणि त्याला बाँब अडकवायचीच सोय नव्हती. इंग्लंडहून हिंदुस्थानात ते आलं होतं साहेबाची सवारी घेऊन. बाँबचा त्या प्रवासाशी संबंध नव्हता, त्यामुळे रॅकही नव्हते. खैबरपलीकडे युद्ध पेटल्यावर तळावरच्या कारागिरांनी लहान बी.ई.२सी विमानांचे रॅक आणून त्याच्या पंखांखाली बसवले. २४ मेच्या पहाटे तीनच्या सुमाराला ते उडालं, सहा तासांनी परत आलं. मधल्या वेळात त्याने काबूलवर वीस बाँब टाकले.

पुढे ब्रिटिश वृत्तांतांत ही कहाणी अशी रुळली की, एका विमानाने अफगाण अमीराला गुडघे टेकायला लावले. ही गोष्ट किती खरी, हे तपासायला त्या विमानाची घडण आणि त्या महिन्याचा घटनाक्रम, दोन्ही उलगडून पाहावे लागतात. एक दुसऱ्यावाचून नीट कळत नाही.

बर्लिनसाठी मापं घेऊन शिवलेलं

विमानाचं नाव हँडली पेज व्ही/१५००. त्याचं कूळ डिसेंबर १९१४ पर्यंत मागे जातं. तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या हवाई विभागाचे प्रमुख मरी स्यूटर यांनी फ्रेडरिक हँडली पेज या कारखानदाराकडे शत्रूला लुळं करून टाकेल असं विमान मागितलं. (त्यांनी वापरलेलं विशेषण सभ्य नव्हतं, पण ते इतिहासात टिकलं.) त्यातून ओ/१०० आलं. त्याचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९१५ चं. पंखांचा पसारा १०० फूट, इंजिनं दोन. हे बाँबर गुप्त ठेवायची धडपड चालू असतानाच १ जानेवारी १९१७ ला त्यांतलं एक नवंकोरं विमान वाट चुकून फ्रान्समधल्या लाँजवळ जर्मनांच्या ताब्यातल्या हद्दीत उतरलं आणि अलगद शत्रूच्या हाती पडलं. ओ/१०० सुधारून ओ/४०० झालं. रात्री फ्रान्समधून उडून जर्मनीच्या पश्चिमेकडचे कारखाने आणि रेल्वे-जंक्शनं गाठणारं हे दणकट जनावर ब्रिटिशांचा खरा कामाचा बैल ठरलं.

पण बर्लिन त्याच्या टप्प्यात नव्हतं, आणि १९१७ नंतर लंडनला बर्लिनच हवं होतं. १३ जून १९१७ ला भरदिवसा जर्मन गोथा विमानांनी लंडनवर केलेल्या हल्ल्यात १६२ माणसं मेली. त्यांत पॉप्लरच्या एका शाळेतली १८ मुलं होती. त्यानंतरच्या संतापातूनच १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्स हे वेगळं दल उभं राहिलं. व्ही/१५०० ची ऑर्डरही त्याच हवेतली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून उडायचं, बर्लिनवर बाँब टाकायचे आणि परत यायचं, एवढी साधी आणि एवढी कठीण अट होती.

हँडली पेजचे आरेखक जॉर्ज व्होल्कर्ट यांनी या अटीभोवती विमान आखलं. अंतर गाठायचं तर पेट्रोल हवं, सुमारे हजार गॅलन. तेवढं पेट्रोल आणि वर बाँब उचलायचे तर पंख मोठे हवेत. पसारा १२६ फूट, म्हणजे ३८ मीटरांच्या वर गेला. असले पंख ओढायला दोन इंजिनं पुरत नाहीत, म्हणून रोल्स-रॉईसची चार ईगल इंजिनं घेतली, प्रत्येकी सुमारे ३७५ अश्वशक्तीची. मात्र चारही इंजिनं पंखांवर रांगेत मांडली असती, तर समोरून येणाऱ्या हवेला चार जागी अडथळा झाला असता. म्हणून ती दोन-दोनच्या जोड्यांत पाठीला पाठ लावून बसवली. पुढच्या इंजिनाचा पंखा विमानाला ओढायचा, मागच्याचा ढकलायचा. मागच्याला पुढच्या पंख्याने घुसळलेली हवा मिळणार, म्हणून पुढचा पंखा दोन पात्यांचा आणि मागचा चार पात्यांचा ठेवला. ही जोडणी मला या विमानातली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. हवेचा हिशेब कागदावर अजून पुरता सुटला नव्हता, तेव्हा अंदाजाने काढलेली ही वाट होती आणि ती चालली. शेपटीच्या अगदी टोकाला मशीनगनवाला बसायचा, तेही ब्रिटिश विमानात नवीन होतं.

बाकी सगळं लाकूड, तारा आणि डोप (कापड ताठ करणारं वॉर्निश) फासून ताणलेलं कापड. पंखांच्या आत लांबच लांब लाकडी तुळया आणि त्यांवर फासळ्या. पंख मागे दुमडता यायचे, नाहीतर हे धूड कुठल्याच हँगरात मावलं नसतं. भरलेल्या विमानाचं वजन ३०,००० पौंडांच्या घरात, म्हणजे साधारण साडेतेरा टन. जवळच्या पल्ल्यावर ते ७,५०० पौंडांपर्यंत बाँब नेऊ शकायचं. बर्लिनइतक्या लांब जायचं तर त्यातला थोडाच भाग, कारण बाकीचं वजन पेट्रोलच खाणार. ही तडजोड इथेच लक्षात ठेवायची, पुढे काबूलच्या हिशेबात ती लागणार आहे.

लंडनजवळच्या क्रिकलवुडचा हँडली पेजचा कारखाना ओ/४०० मध्येच बुडालेला, म्हणून पहिल्या विमानाचे भाग बेलफास्टला हार्लंड अँड वुल्फने केले. होय, तीच टायटॅनिकवाली जहाजकंपनी. २२ मे १९१८ ला ते पहिल्यांदा उडालं. ८ जूनला पडलं, आणि आतल्या सहापैकी पाच जण गेले. तरी काम थांबलं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नॉर्फोकमधल्या बर्चम न्यूटन तळावर तीन व्ही/१५०० विमानं बर्लिनसाठी सज्ज होती. हवामान आणि इंजिनांच्या कुरबुरींत दोन-तीन दिवस गेले आणि ११ नोव्हेंबरला युद्धच संपलं. ज्या एका शहरासाठी या विमानाची इंच-इंच मापं घेतली होती, त्यावर ते कधी गेलंच नाही.

साहेबाची सवारी

युद्ध संपल्यावर अशा विमानांचं करायचं काय, हा प्रश्नच होता. एक विमान न्यूफाउंडलंडला नेलं, अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीसाठी. तिथे अल्कॉक आणि ब्राऊन यांनी जून १९१९ मध्ये विकर्स व्हिमी या धाकट्या विमानातून बाजी मारली. दुसरं, जे१९३६ क्रमांकाचं, हिंदुस्थानला निघालं. त्याचं नाव ठेवलं होतं ‘ओल्ड कार्थूशियन’. चार्टरहाउस या बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना इंग्लंडात असं म्हणतात. मेजर मॅक्लारेन आणि कॅप्टन रॉबर्ट हॅली हे चालक, सोबत तीन मेकॅनिक सार्जंट, आणि प्रवासी ब्रिगेडियर जनरल मॅक्युअन. १३ डिसेंबर १९१८ ला मार्टलशम हीथहून उड्डाण झालं. मग रोम, माल्टा, कैरो, बगदाद असं करत मकरानच्या किनाऱ्यापर्यंत मजल गेली. तिथे ओरमारा इथे इंजिनांनी दगा दिला. कशीबशी खटपट करून जानेवारीच्या मध्यावर ते कराचीला पोचलं. इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंत एकाच विमानाने सलग केलेला हा पहिला प्रवास. वर्तमानपत्रांतली वाहवा ओसरली आणि विमान इकडेच राहिलं. सुटे भाग नाहीत, जोडीला दुसरं विमान नाही, आणि उन्हाळा तोंडावर.

मे महिन्यातली अडचण

फेब्रुवारीत अमीर हबीबुल्ला यांचा खून झाला आणि त्यांचा मुलगा अमानुल्ला गादीवर आला. अफगाणिस्तानचे परराष्ट्र व्यवहार तेव्हा ब्रिटिशांच्या मुठीत होते. अमानुल्लांना ती मूठ सोडवायची होती. इकडे १३ एप्रिलला जालियनवाला बाग झालं. दुसऱ्याच दिवशी गुजराँवाला इथे लाहोरहून पाठवलेल्या लष्करी विमानांनी लोकांवर बाँब टाकले आणि मशीनगन चालवल्या. काबूलच्या आधी एक महिना आणि दहा दिवस हा प्रकार आपल्याच माणसांवर होऊन गेला होता. हवाई युद्धाच्या इतिहासांत दोन्ही घटना क्वचितच एका पानावर येतात.

पंजाब असा धुमसत असताना ३ मेला अफगाण फौजा सरहद्द ओलांडून लंडी कोटलजवळच्या बाग या ठिकाणी आल्या. ६ मेला युद्ध जाहीर झालं. आठवड्याभरात ब्रिटिश-हिंदी फौजेने त्यांना मागे रेटून पलीकडचं दक्का गाठलं, आणि मग गाडं अडलं. उन्हाळा जीव घेत होता. महायुद्धातून थकलेल्या गोऱ्या शिपायांना घरी जायचं होतं. खैबर रायफल्स या स्थानिक पलटणीतून इतकी माणसं निघून चालली होती की, ती मोडावी लागली. पायदळाने काबूलपर्यंत जायचं तर मागल्या दोन अफगाण युद्धांच्या आठवणी वाटेत उभ्या होत्या.

विमानं होती, पण बी.ई.२सी. १९१४-१५ ची ही एक-इंजिनी विमानं फ्रान्सच्या आघाडीवरून कधीच निवृत्त झालेली. तापलेल्या विरळ हवेत ती खैबरच्या डोंगरांवर चढताना धापा टाकायची. सरहद्दीवरचा हा प्रकार मोठा विचित्र होता: डोंगरावर बसलेले पठाण खालून जाणाऱ्या विमानांवर वरून गोळ्या झाडायचे! ही विमानं दक्का आणि जलालाबादवर पुन्हा पुन्हा बाँब टाकत होती. पण काबूल गाठून परत येणं त्यांना शक्य नव्हतं. तिथे जाऊ शकेल असं एकच यंत्र हाताशी होतं.

उड्डाण

रिसालपूर नौशेऱ्याजवळ, सिंधूच्या पलीकडे. मराठी वाचकाला ‘अटकेपार’ म्हटलं की १७५८ आठवतं. नकाशावर ही जागा अगदी त्याच अर्थाने अटकेपार आहे. तिथून काबूल सरळ रेषेत साधारण २६० किलोमीटर. बर्लिनच्या मानाने हे अंतर काहीच नाही. अडचण होती उंचीची. काबूल शहरच समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरांवर आहे, वाटेत जगदलकचे घाट त्याहून उंच. या विमानाची उंची गाठायची कमाल मर्यादा ११,००० फुटांच्या आसपास, तीही इंग्लंडच्या थंड हवेत आणि नव्या इंजिनांवर मोजलेली. मे महिन्यात पेशावरच्या खोऱ्यात हवा तापून पातळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर घटतो आणि रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागतं.

म्हणूनच बाँबचा हिशेब इतका तोकडा दिसतो. ११२ पौंडी चार बाँब पंखांखाली आणि २० पौंडी सोळा धडात ठेवलेले, हाताने खाली सोडायचे. बेरीज ७६८ पौंड, म्हणजे ३५० किलोंच्या आत. जास्तीत जास्त उचलता येणाऱ्या ओझ्याचा हा दहावा हिस्सा. जुळवून लावलेल्या रॅकवर मोठे बाँब बसले नसते हे एक कारण, आणि ओझं जितकं कमी तितके डोंगर ओलांडायची आशा जास्त, हे दुसरं. बर्लिनच्या आखणीत पेट्रोलने बाँबची जागा खाल्ली होती, इथे ती उंचीने खाल्ली.

चालक कॅप्टन हॅली, निरीक्षक लेफ्टनंट व्हिलियर्स, आणि इंग्लंडपासून विमानाबरोबर आलेले तीन सार्जंट. हॅलींना फ्रान्समधल्या रात्रीच्या बाँबफेकीचा अनुभव होता, पण तिथे खाली सपाट मुलूख असायचा. इथे उड्डाणानंतर थोड्याच वेळात एका इंजिनातून पाणी गळायला लागलं. पाणी संपलं की ते इंजिन तापून बंद पडणार. परत फिरायचं की पुढे जायचं?

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हा वाटतो, आणि तो घेतला कुठल्या सेनापतीने नाही, तर गळक्या इंजिनाकडे बघत बसलेल्या एका कॅप्टनने. मागे फिरलं तर विमान दुरुस्त होऊन पुन्हा केव्हा उडेल याचा भरवसा नव्हता. सुटे भाग हजारो मैलांवर. प्रत्येक गेलेल्या दिवशी उन्हाळा चढणार. हॅली पुढे गेले. जगदलकचे डोंगर विमानाने जेमतेम ओलांडले आणि सकाळी ते काबूलवर आलं. नेम होता अमीराच्या राजवाड्यावर आणि शस्त्रांच्या कारखान्यावर. बाँब टाकून विमान वळलं आणि त्याच वाटेने परतलं.

वेळेचा साधा हिशेब करून पाहा. जाऊन-येऊन ५२० किलोमीटर, लागले सहा तास. सरासरी ताशी ९० किलोमीटरांच्याही खाली. कमाल वेग ताशी १६० च्या घरात असलेल्या विमानाला एवढा वेळ लागतो याचा अर्थ वारा तोंडावर होता आणि बराच वेळ उंची कमावण्यात गेला. घिरट्या घेत हळूहळू वर चढणारं ते धूड खोऱ्यातल्या गावांना किती वेळ दिसत आणि ऐकू येत राहिलं असेल!

काय मोडलं, काय नाही

पडझड फारशी झाली नाही. साडेतीनशे किलोंत शहर उद्ध्वस्त होत नसतं. राजवाड्यावर बाँब पडले, जनानखान्यातल्या बायका घाबरून रस्त्यावर धावल्या, हे वर्णन हवाई दलाच्या आठवणींत आवडीने सांगितलं जातं. साहेबी लेखणीला जनानखाना सापडला की तिला कायमच चेव यायचा, तेव्हा त्यातलं मीठ-मिरची वजा करून घ्यावं. काबूलमध्ये घबराट मात्र नक्की झाली. त्या शहरावर तोवर आकाशातून कधी काही पडलं नव्हतं.

अमानुल्लांनी शस्त्रसंधीसाठी पत्र पाठवलं आणि ३ जूनला लढाई थांबली. तारखा अशा जवळजवळ लागल्या की, कार्यकारणभाव आपोआप चिकटतो. पण त्या दहा दिवसांत आणखी बरंच घडलं होतं. २७ मेला अफगाण सेनापती नादिर खान यांच्या फौजेने कुर्रमच्या तोंडाशी असलेल्या थलच्या ठाण्याला वेढा घातला, म्हणजे काबूलवर बाँब पडून तीन दिवस झाले तरी अफगाणांची सर्वांत यशस्वी चढाई चालूच होती. त्याच दिवशी ब्रिटिशांनी दक्षिणेत स्पिन बोल्दाकचा किल्ला घेतला. जूनच्या पहिल्या एक-दोन दिवसांत थलचा वेढा उठवला तो ब्रिगेडियर डायरने. होय, तोच. ब्रिटिशांनाही लढाई थांबायला हवीच होती. पंजाबात मार्शल लॉ, पलटणी थकलेल्या, खैबरमध्ये पुढे कॉलराही पसरला.

म्हणजे बाँबहल्ल्याने युद्ध संपवलं, हे विधान सैलच. बाँबहल्ल्याचा काहीच परिणाम नव्हता असंही मात्र नाही. अमीराच्या पत्रातच त्याचा उल्लेख आहे. त्यातला सूर शरण येणाऱ्याचा नाही, टोमणा मारणाऱ्याचा आहे. आशय असा: जर्मनांनी झेपेलिन हवाई जहाजांतून लंडनवर बाँब टाकले तेव्हा तुम्ही त्याला रानटीपणा म्हणालात, प्रार्थनास्थळांवरचा मारा निंद्य म्हणालात, आता आमच्या डोळ्यांनी दिसलं की पश्चिमेच्या सगळ्या सुधारलेल्या लोकांची ही रीतच आहे. गोथांच्या हल्ल्याचा सूड म्हणून जन्मलेल्या विमानाबद्दल हे लिहिलं गेलं, हे अमानुल्लांना ठाऊक असायचं कारण नाही. तरी बाण नेमका लागला.

अमानुल्लांना आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि माझ्या मते हल्ल्याचा सगळा वचक तिच्यातच होता. काबूलला दिसलं ते असं: इंग्रजांकडे डोंगर ओलांडून राजधानीवर येणारं राक्षसी विमान आहे. आज एक आलं, उद्या दहा येतील. रिसालपूरला माहीत होतं की असं विमान सबंध हिंदुस्थानात हे एकच आहे, त्याचं एक इंजिन गळकं आहे आणि रॅक उसने. बर्लिनसाठीच्या आखणीत ताकद मानली होती बाँबच्या वजनाची आणि विमानांच्या संख्येची. काबूलवर यांतलं काहीच नव्हतं. होता तो केवळ पल्ला, आणि समोरच्याचं अज्ञान.

८ ऑगस्ट १९१९ ला रावळपिंडीला तह झाला. ब्रिटिशांनी अमीराचा तनखा बंद केला, हिंदुस्थानातून शस्त्रं न्यायची सवलत काढून घेतली, ड्युरँड रेषा (हिंदुस्थान-अफगाणिस्तान सरहद्द) मान्य करून घेतली. तहासोबतच्या पत्रात मात्र अफगाणिस्तान अंतर्गत आणि परराष्ट्र, दोन्ही व्यवहारांत मोकळा असल्याचं कबूल केलं. अमानुल्ला युद्धात उतरले होते ते याचसाठी. अफगाणिस्तान आजही १९ ऑगस्टला त्या स्वातंत्र्याचा दिवस मानतो. गुडघे टेकायला लावल्याच्या कहाणीत हे पत्र सहसा येत नाही.

लंडनमध्ये मात्र ती कहाणी कामाला आली. युद्धानंतर खर्च कापणं चालू होतं, आणि वेगळं हवाई दल हवंच कशाला, असं भूदल आणि नौदल विचारत होते. थोड्या विमानांत दूरचा मुलूख धाकात ठेवता येतो, हे हवाई दलाचं उत्तर. काबूलचं उदाहरण त्यात चपखल बसत होतं. पुढे इराकमध्ये हे धोरण रीतसर राबवलं गेलं, सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या गावांवरही विमानं जात राहिली.

आणि ओल्ड कार्थूशियन? व्ही/१५०० एकूण साठेकच बांधली गेली, आणि प्रत्यक्ष लढाईवर एकच गेलं, ते हे. परत आल्यावर ते पुन्हा लढाईला गेलं नाही. पंख तपासले, तेव्हा आतल्या लाकडी तुळयांना वाळवी लागलेली निघाली. कापडाखाली ती किती दिवस पोखरत होती, आणि त्या पहाटे जगदलकच्या घाटावर पंखांना नेमकं किती लाकूड तोलून धरत होतं, याचा हिशेब कोणी केला नाही.